न नळाचा, ण बाणाचा

या, जरा पुढे सरकून बसा. फक्त दाराकडे पाठ करू नका. गोष्ट अशी आहे की मधेच मागे वळून बघावंसं वाटेल, आणि मान लचकली तर दोष माझ्यावर येईल! भूत आहे का गोष्टीत? आहे हो! चांगलं गाणारं आहे. पण भुताआधी ते ज्या कानांनी ऐकलं, त्या कानांची ओळख करून घ्या.

त्या कानांच्या मालकाला सगळी गल्ली कानसेन म्हणायची. पियानो आणि बाजाच्या पेट्या जुळवायच्या, फाटलेले भाते शिवायचे, बसलेल्या पट्ट्या उठवायच्या, हा त्याचा धंदा. गल्लीच्या टोकाला दुकान होतं. दुकान कसलं, आजारी पेट्यांचं इस्पितळ! पियानोची एखादी तार केसभर उतरली की याच्या कपाळाला आठी पडे, जणू कुणी याचाच केस उपटला. संध्याकाळी कीर्तन असलं की हा पहिल्या रांगेत. मी नेहमी दुसऱ्या रांगेत बसतो, त्यामुळे त्याच्या मानेशी माझा जुना परिचय आहे. शब्दाशब्दाला डोलणारी मान! पण सांगणाऱ्याचा एक उच्चार घसरला की तीच मान खिळा ठोकल्यासारखी थांबायची. देवाचं नाव घेणाऱ्याचीही हा माणूस शुद्धलेखनाची वही तपासायचा!

त्यातून न आणि ण यांची कुणी अदलाबदल केली की संपलंच. "न नळाचा, ण बाणाचा! पहिलीतलं पोरगं सांगेल!"

आता देवाची करणी बघा, याच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहायचे नळवाले. नळ दुरुस्त करण्यात हात धरणारा कुणी नव्हता, पण त्यांच्या तोंडात ण नावाला नव्हता.

"भाऊ, तुमच्या मोरीतून माझ्या छतात पानी उतरतंय."

"पाणी!"

"तेच ते."

"तेच कसं? पाणी! ण बाणाचा!"

"बानाचा तर बानाचा. पन गळतंय त्याचं काय?"

आणि खरंच गळत होतं. नळवाल्यांच्या छतावर एक ओला डाग धरला होता. आधी बशीएवढा होता, मग ताटाएवढा झाला, मग त्याला खांदे फुटले, खांद्यांवर मान आली. एके सकाळी नळवाले दात घासताना वर बघतात तो काय, केस मोकळे सोडलेली एक बाई त्यांच्याकडे वाकून बघतेय! तेव्हापासून ते दात घासायला अंगणात जात. "एकदा फरशी उखडू द्या," असं ते वर्षभर मागं लागले होते. आणि कानसेन म्हणायचा, "आधी पाणी म्हणा, मग उखडा!"

घरात आणखी दोघीजणी. एक कानसेनची थोरली बहीण, तिला सगळे आत्या म्हणत. आत्या भाविक, प्रेमळ आणि दुपारी कानांत कापूस घालून दोन तास झोपणारी. दुसरी कानसेनची एकुलती लेक, चिमणी. आई लहानपणीच गेली, बापानं पियानोखाली चटई टाकून वाढवलेली पोर. मोठी होऊन परिचारिका झाली. बापाचाच कान घेऊन आली होती, पण तो कान तिनं भलत्याच दिशेला लावला. चिमणी ऐकायची परक्या भाषांमधली गाणी, त्यातही जास्त करून जपानी.

"कळतं काय त्यातलं?" बाप विचारायचा.

"सगळं नाही कळत."

"मग ते गाणं नव्हेच! कुरकुरणारं दार आणि तुझं जपानी गाणं यात फरक एकच. दाराला तेल घालता येतं!"

"बाबा, तुमच्या पियानोला कुठे शब्द असतात? तो तर तास न् तास ऐकता."

"पियानो शब्दांच्या बाबतीत प्रामाणिकपणे गप्प बसतो! ही माणसं माझ्यासमोर बोलतात आणि मला कळू देत नाहीत. आपल्या देखत दोघं कुजबुजायला लागले की कसं वाटतं? तसं वाटतं!"

आणि मग एका रविवारी, नळवाल्यांच्या आणि आत्याच्या साक्षीनं, त्यानं छाती ठोकून सांगितलं, "परक्या गाण्यातला एक शब्द, फक्त एक, माझ्या या कानाला आपोआप कळला ना, तर त्या दिवसापासून रोज मोरीत पिंपाशेजारी बसून मी ते गाणं गाईन! शब्द आहे माझा!"

नळवाले हळूच म्हणाले, "मोरीत बसायच्या आधी फरशी तरी करून घ्या."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण दोनच महिन्यांनी चिमणीला नोकरीचं पत्र आलं. म्हाताऱ्या माणसांचं इस्पितळ होतं आणि ते होतं थेट जपानी बोलणाऱ्यांच्या मुलखात! बापानं पत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "त्या कुजबुजीसाठी बापाला सोडून चाललीस?" चिमणी म्हणाली, "तुम्ही एकदा तरी ऐकून बघायचं होतं." बस्स! त्या क्षणापासून बापलेकीचं बोलणं बंद. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, अठरा दिवस! दोघं एकाच टेबलावर चहा घेत आणि मधे आत्या टपालखात्यासारखी बसलेली.

"आत्या, त्यांना सांग, साखर संपलीय."

"ताई, तिला सांग, मला दिसतंय."

शनिवारी सकाळी चिमणी निघणार होती. आत्यानं देवापुढे हात जोडले होते, "पोरगी मुक्यानं जाऊ देऊ नकोस रे!" कारण कानसेनला एक गोष्ट येत नव्हती. जगातला कुठलाही स्वर तो जुळवू शकायचा, पण 'परत ये' हे दोन शब्द त्याच्या तोंडून निघत नव्हते. घशाशी यायचे आणि पियानोच्या अडकलेल्या पट्टीसारखे तिथेच बसायचे.

त्याच आठवड्याच्या सोमवारी कानसेन दुकानात एका पेटीवरून अडखळला आणि घोटा मुरगाळून घेतला. मंगळवारपासून स्वारी घरी! बाहेरच्या खोलीत खुर्ची, समोर स्टुलावर पाय, पायाला पट्टी. चिमणी त्या आठवड्यात रोज बाहेर. कधी तपासणी, कधी कागदपत्रं, कधी गणवेशाची मापं. आत्या कापूस घालून झोपलेली. अशी भर दुपार की भिंतीवरच्या घड्याळालाही आपण फार मोठ्यानं बोलतोय असं वाटावं.

चार वाजले.

आणि मोरीतून एक बाई गायला लागली.

आवाज तरुण, गोड आणि फार लांबचा. पिंपाच्या पोटातून यावा तसा घुमणारा. कानसेनचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले गेले. बाई एकेक शब्द ठेवून ठेवून गात होती, झोपलेल्या कुणाच्या उशाशी बसल्यासारखी.

"हाना… हाना… मोरी नो हाना… दोको नि इरु नो… काएत्ते किते…"

शब्द! साक्षात शब्द! कानसेनच्या कानानं ते टपाटप झेलले आणि जुन्या सवयीप्रमाणे जागच्या जागी दुरुस्तही केले. 'हाना' म्हणजे 'हाणा', उच्चार सदोष. 'मोरी नो' म्हणजे 'मोरीनं', विभक्तीचा गोंधळ, खरं तर मोरीत हवं. पुढे 'डोकं नि ऊर ना'. आणि शेवटी तो काळीज चिरणारा उसासा, 'काय ते किती!'

हाणा, हाणा, मोरीत हाणा, डोकं नि ऊर! काय ते किती सोसायचं!

कानसेनच्या अंगावर काटा उभा राहिला. काटा कसला, निवडुंगच! तो लंगडत लंगडत मोरीपर्यंत गेला. दार उघडं होतं. आत मोरी, पिंप, तांब्या, ओली फरशी. फरशीवर पाण्याची एक बारीक रेघ, कुणी आत्ताच पाय ओढत गेल्यासारखी. कुणी नाही. आणि तेवढ्यात कानाशी "खट्ट!" कडी लागावी तसा आवाज आला आणि सगळं शांत.

परत खुर्चीवर कसा आला ते देव जाणे. एका पायावर उड्या मारत आला असावा, कारण वाटेतलं पायपुसणं जराही सरकलं नव्हतं.

चिमणी संध्याकाळी आली. कानसेनला तिला सांगायचं होतं, "पोरी, मोरीत एकटी जाऊ नकोस." पण बोलणं बंद! तो आत्याला म्हणाला, "ताई, तिला सांग, आंघोळीला जाताना दार उघडं ठेव."

आत्या थबकली. "शुद्धीवर आहेस ना?"

बुधवारी चारला दहा मिनिटं असताना त्यानं आत्याच्या कानातला कापूस उपटला आणि तिला शेजारी बसवलं. चार वाजले. बाई गायला लागली. पण आज तिचा आवाज कालच्यासारखा नव्हता! जड झाला होता, संथ झाला होता. काल विशीतली होती, आज पन्नाशी उलटलेली!

"हा…ना… हा…ना…"

"ऐकलंस, ताई? हाणा म्हणतेय!"

आत्या कान देऊन ऐकत होती. "मला तर हाना ऐकू येतंय."

"उच्चार वाईट आहे बिचारीचा. बाई मेली, पण ण काही सुधारला नाही!"

"आणि अरे, एका रात्रीत वय कसं वाढलं तिचं?"

"तिकडे दिवस लवकर जात असतील," कानसेन कापऱ्या आवाजात म्हणाला.

खट्ट! आवाज बंद.

आत्यानं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. मग एक डोळा उघडून म्हणाली, "आपल्या आधी इथं जे बिऱ्हाड होतं ना, त्यातली ती लांब केसांची. माहेरी जाते म्हणाली ती पुन्हा कुणी पाहिलीच नाही."

"कुणी मारलं असेल?"

"डोकं नि ऊर म्हणतेय ना ती? मग! कुठे मारलं तेही सांगितलंय, कोणत्या खोलीत तेही सांगितलंय. नुसता पत्ता द्यायचा राहिलाय!"

कानसेनला वेगळीच भीती वाटत होती. बाई रोज वीस-तीस वर्षांनी म्हातारी होत होती. काल विशी, आज पन्नाशी, उद्या ऐंशी. मग शुक्रवारी काय उरेल? आणि शनिवारी पहाटे चिमणी याच मोरीत आंघोळ करून निघणार! इतकी वर्षं मुक्यानं राहिलेली बाई नेमकी याच आठवड्यात का बोलायला लागली? घरातली तरुण मुलगी दूर जायला निघालीय म्हणून? 'काय ते किती' म्हणजे 'आता कुणाची पाळी' असं तर नसेल? त्या रात्री कानसेन झोपला नाही. स्टुलावरचा पायसुद्धा टक्क जागा होता.

गुरुवारी दुपारी साडेतीनला नळवाले हातोडा आणि छिन्नी घेऊन हजर झाले. कानसेननंच बोलावलं होतं. सगळं ऐकून त्यांचा चेहरा छतातल्या डागासारखा ओला झाला.

"भाऊ, माझ्या छतातली बाई आनि तुमच्या मोरीतली बाई एकच आहे. मी वर्षभर काय सांगतोय? खाली कोनीतरी आहे!"

"कोणी!"

"आता तरी राहू द्या हो!"

तिघं मोरीच्या दारात उभे राहिले. पुढे नळवाले, मधे एका पायावर कानसेन, मागे कानसेनचा सदरा धरून आत्या. वरच्या झरोक्यातून करड्या उजेडाचा एक पट्टा पिंपावर पडला होता. कुठूनतरी एक थेंब पडायचा, मग बराच वेळ दुसरा पडायचा नाही, आणि पडला की तिघांचे खांदे एकदम उडायचे.

चार वाजले.

या वेळी आवाज बाईचा नव्हताच. पुरुषाचाही नव्हता. विहिरीच्या तळाशी कुणी जड दगड ओढावा तसा.

"हा…आ…ना…आ… हा…आ…ना…आ…"

"हाना म्हनतेय!" नळवाले पांढरे पडले.

"हाणा!" कानसेन पुटपुटला. "ण बाणाचा!"

"मेलेल्या मानसाला तरी सोडा भाऊ!"

"मो…री… नो… हा…ना…"

"अरे, ती स्वतः सांगतेय मोरीत हाणा, आणि तुम्ही व्याकरण कसलं करत बसलात!" आत्या ओरडली. "हाणा!"

नळवाल्यांनी हाणला! पहिल्या घावाला फरशीला तडा गेला. दुसऱ्या घावाला कपचा उडाला. तिसऱ्या घावाला फरशीचा तुकडा आत बसला आणि खालून कुजकट वास आला. चौथा घाव भीतीच्या भरात बसला तो नेमका पाण्याच्या नळीवर! कारंजं! सरळ छताला! तिथून फळीवर! फळीवरचे जुने पंचे, डबे, एक पिशवी, सगळं धबाधबा भरल्या पिंपात कोसळलं. आणि गाणं? गाणं थांबलं नाही हो! ते पाण्याखालून यायला लागलं!

"काsss… ए…बुडुक… त्ते… बुडुक… कि…"

नळवाल्यांनी नळ बंद करायला खड्ड्यात हात घातला. हात बाहेर आला तेव्हा मुठीत नळी नव्हती. लांबच लांब, काळे, ओले केस होते.

आता त्या किंकाळ्यांचं वर्णन मी करत नाही. आत्याची वरच्या पट्टीत होती, नळवाल्यांची मधल्या पट्टीत. कानसेनला किंकाळीसुद्धा फुटेना. पाय घसरून तो ओल्या फरशीवर बसला, डोळे गच्च मिटले, आणि त्याच क्षणी पाठीमागून, अगदी जवळून, एका बाईचा आवाज आला.

"काय चाललंय हे?"

एक डोळा किलकिला करून त्यानं पाहिलं. दारात एक बाई. कारंज्यानं चिंब भिजलेली, केस तोंडावर आलेले. त्यानं डोळा पुन्हा मिटला आणि हात जोडले.

"बाई, तुझं वाईट झालं! ज्यानं केलं त्याचं देव बघून घेईल! तुला काय हवं ते घे, मला घेऊन जा, पण माझ्या चिमणीच्या वाटेला जाऊ नकोस! ती परवा लांब चाललीय. आईविना वाढवलीय मी तिला. अठरा दिवस तिच्याशी बोललो नाही, गाढव आहे मी! ती गेल्यावर या घरात मी कुणाचा आवाज ऐकू? तिला सुखरूप जाऊ दे, आणि… आणि…"

इथे पट्टी पुन्हा अडकली.

"बाबा," बाई म्हणाली.

पाणी सोडलं तर सगळं घर गप्प झालं. नळवाल्यांनी तेवढ्यात खरी नळी शोधली आणि चावी फिरवली. पाणीही गप्प झालं.

चिमणीनं तोंडावरचे केस मागे सारले. पिंपात कोपरापर्यंत हात घालून पिशवी बाहेर काढली, आणि पिशवीतून कॅसेट वाजवायचं छोटं यंत्र. गजराचं होतं. ठरल्या वेळी पाच मिनिटं वाजून खट्टकन बंद होणारं. आता त्यातून पाणी ठिबकत होतं.

"माझ्या जपानीच्या बाईंनी दिलं होतं. तिथल्या म्हाताऱ्या आज्यांना हे गाणं आवडतं, शिकून ये म्हणाल्या. घरात म्हटलं असतं तर तुम्ही…" ती थांबली. "चार वाजता तुम्ही दुकानात असता, आत्या झोपलेली असते. म्हणून मोरीत कडी लावून शिकत होते. इथे आवाज घुमतो छान. या आठवड्यात वेळच मिळाला नाही, आणि गजर बंद करायचा राहिला."

"पण वय?" आत्यानं विचारलं. "वय कसं वाढलं तिचं?"

"सेल उतरले, आत्या."

"आनि हे केस?" नळवाल्यांनी मूठ पुढे केली.

आत्यानं केस निरखून पाहिले. मग पदर तोंडाला लावून अगदी बारीक आवाजात म्हणाली, "माझेच असतील. वीस वर्षांचे. तरी म्हटलं, जातात कुठे!"

म्हणजे ती लांब केसांची शेजारीण बिचारी खरंच माहेरी गेली होती! गळतीचं कारण सापडलं होतं, आणि नळवाले त्या बुचक्याकडे असे बघत होते जणू हरवलेला नातेवाईक भेटला.

कानसेन मात्र अजून फरशीवरच बसलेला. खालच्या मानेनं त्यानं विचारलं. आत्याला नाही, थेट लेकीला! "ती हाणा हाणा का म्हणत होती?"

चिमणी त्याच्यासमोर ओल्यातच उकिडवी बसली. "हाणा नाही, बाबा. हाना. हाना म्हणजे फूल. मुलीचं नावही असतं. आई आहे ती, मुलीला हाक मारतेय. मोरी म्हणजे रान. रानातल्या फुला, हाना गं. दोको नि इरु नो म्हणजे कुठे आहेस तू?"

"आणि काय ते किती?"

"काएत्ते किते." चिमणीचा आवाज एकदम खाली आला. "परत ये."

कानसेननं मोरीच्या फुटक्या फरशीकडे पाहिलं. तीन दिवस ती आई त्याच्या घरात रोज चार वाजता त्याच्याच मनातलं गात होती. आणि ऐकू तर बरोबर आलं होतं! आत्याला हाना ऐकू आलं, नळवाल्यांना हाना ऐकू आलं. दुरुस्त कुणी केलं? जगातल्या सर्वांत तयार कानानं!

"म्हण बघू पुन्हा," तो म्हणाला.

"हाना."

"हाणा."

"ना, बाबा. ना."

"हा… णा."

"भाऊ," नळवाले अगदी प्रेमानं म्हणाले, "न नळाचा!"

शुक्रवारचा सगळा दिवस बापलेक बोलत होती, आत्याला मधे बोलायला जागा नव्हती. यंत्र उन्हात वाळवून पाहिलं, पण त्यानं पुन्हा आवाज काढला नाही. कॅसेटची फीत भिजून चिकटली होती. चिमणी म्हणाली, "असू दे, मला पाठ आहे," आणि बाहेरच्या खोलीत, बापासमोर, दार उघडं ठेवून तिनं ते गाणं म्हटलं. पहिल्यांदाच. कानसेनची मान डोलली की नाही? मी तिथे नव्हतो. आत्या म्हणते, डोलली. मधे एकदा फार वेळ खाली राहिली.

शनिवारी सकाळी दारात गाडी उभी. सामान चढलं. चिमणी आत्याच्या पाया पडली, बापाच्या पाया पडली. आत्या कोपरानं भावाला ढोसत होती, बोल, बोल! कानसेननं तोंड उघडलं. 'परत ये' घशाशी आले आणि जुन्या सवयीनं बसले. गाडीवाल्यानं भोंगा वाजवला. तेव्हा त्यानं चिमणीचा हात धरला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "काय ते किती."

नळवाले लगबगीनं पुढे आले. "दोन ब्यागा आनि एक पिशवी, भाऊ! मोजून ठेवल्यात मी!"

पण जिला कळायचं तिला कळलं होतं. ती हसतही होती आणि रडतही होती. म्हणाली, "येईन, बाबा."

आता राहिला शब्दाचा प्रश्न. शब्द दिला होता ना, साक्षीदारांसमोर? कानाला आपोआप कळला तो शब्द चुकीचा होता, पण साक्षीदारांनी तो धरला! मोरीची फरशी नवी झाली, नळवाल्यांच्या छतातली बाई हळूहळू वाळली. आधी केस गेले, मग खांदे, मग एक दिवस ती नव्हतीच. आणि रोज चार वाजता कानसेन दुकान बंद करून घरी येतो, पिंपाशेजारी पाट टाकून बसतो आणि गातो. शेजारच्या इमारतीत नवं बिऱ्हाड आलं होतं, ते पहिल्या आठवड्यातच विचारायला आलं, "तुमच्याकडे दुपारी कोण कण्हतं?" आत्या त्यांना कापूस देते.

चिमणीचा महिन्यातून एकदा फोन येतो. फोनवर तो सगळं गाणं म्हणून दाखवतो, आणि पलीकडून इतक्या दुरून ती ओरडते, "बाबा, अजून हाणताय!"

एक गोष्ट मात्र मला आत्यानं सांगितली, ती सांगून टाकतो. तो गातो तेव्हा कधीकधी पिंपातून मागोमाग आणखी एक आवाज येतो. बाईचा. अर्धी मात्रा मागे, पण स्वच्छ. कानसेन म्हणतो, पिंपाचा घुमारा आहे, रिकामं पिंप घुमतंच. असेल बुवा. कान त्याचे. फक्त आत्या म्हणते, गेल्याच गुरुवारी तो आवाज आला तेव्हा पिंप काठोकाठ भरलेलं होतं.

असो. आता जा आपापल्या घरी, देव तुमचं भलं करो. आणि उद्या चार वाजता तुम्ही असाल तिथे क्षणभर थांबून त्या परक्या आईची आठवण ठेवा, जी अजून लेकीला हाक मारतेय. मुलीचं नाव तुम्हीही घ्या, तेवढीच मदत. फक्त नीट घ्या हो. हाना! न नळाचा. नाहीतर भलत्याच कुणाची तरी मोरी फुटायची!